फुल बॅटरीवरही कॉर्डलेस ड्रिल मध्येच बंद पडतं? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

तक्रार दर वेळी जवळपास सारखीच असते. बॅटरीवरचं बटण दाबलं की चारही दिवे लागतात. मशीन हवेत फिरवलं तर झकास फिरतं. भिंतीला टेकवून जोर दिला की बिट बोटाच्या पेराएवढं आत जातं आणि मशीन खटकन बंद. ट्रिगर सोडून पुन्हा दाबला तर चालू, दोन सेकंदांत पुन्हा बंद. दुकानात नेलं की काउंटरवरूनच निकाल येतो, ‘बॅटरी गेली.’ नवी बॅटरी म्हणजे मशीनच्या किमतीचा मोठा हिस्सा. ती घेतली जाते, काही महिने बरे जातात आणि मग पुन्हा तीच रड.

कधी बॅटरी खरंच गेलेली असते. कधी ती धडधाकट असते आणि दोष भलतीकडेच असतो. आणि गेलेली असली तरी तिला मारणारं कारण साइटवर तसंच ठाण मांडून असतं, म्हणून नवी बॅटरीही त्याच वाटेने जाते. ते कारण शोधायचं तर बाहेरून आत यायचं: आधी भिंत आणि बिट, मग गिअर, मग टर्मिनल, मग उष्णता आणि सगळ्यात शेवटी सेल. बहुतेक जण नेमके उलटे जातात.

चार दिवे काय सांगतात, काय सांगत नाहीत

१८ व्होल्टच्या पॅकमध्ये लिथियम-आयनचे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलचं व्होल्टेज सरासरी ३.६ आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. म्हणून पाचांचे मिळून नावाला १८ आणि चार्जरवरून काढल्या काढल्या २१. ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहिलेली बॅटरीही पाच सेलचीच. डिवॉल्ट एकच पॅक अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणून विकते आणि युरोपात १८ व्होल्ट म्हणून. त्यात दोन व्होल्टची जादा ताकद शोधू नका.

पॅकवरचे दिवे बहुधा एवढंच बघतात की आत्ता, काही काम चालू नसताना, व्होल्टेज किती आहे. लोड आल्यावर पॅक किती करंट देऊ शकेल हे त्यांना कळत नाही. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असावी आणि खाली येणारा लोखंडी पाइप गंजून आतून बारीक झालेला असावा, तशी ही गत. टाकीत डोकावून नळाला धार किती येईल ते सांगता येत नाही. बॅटरीत या गंजाला अंतर्गत रोध म्हणतात. तो सेलच्या वयाबरोबर वाढतो आणि उष्णतेने फार लवकर वाढतो.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. नव्या, एका ओळीच्या (म्हणजे पाचच सेलच्या) पॅकचा रोध ०.१ ओहम धरा. भिंतीत होल मारताना मशीनने २५ अँपिअर ओढले तर अडीच व्होल्ट आतच खर्च होतात आणि मोटारीला साडेअठरा मिळतात. काम चालतं. तोच पॅक थकून रोध ०.३ झाला की साडेसात व्होल्ट आतच जातात. म्हणजे पूर्ण भरलेला पॅकही लोडखाली साडेतेरावर येतो. सेलला इजा होऊ नये म्हणून संरक्षक सर्किट साधारण एका सेलमागे अडीच ते तीन व्होल्टच्या दरम्यान पुरवठा तोडतं. साडेतेरा व्होल्ट बघून ते समजतं, बॅटरी उतरली. ट्रिगर सोडला की करंट शून्य होतो, व्होल्टेज परत वीसच्या घरात जातं आणि चारही दिवे लागतात. ‘फुल दाखवते पण चालत नाही’ याचं गूढ एवढंच.

पण पुरवठा तुटण्याची कारणं आणखीही आहेत. करंट मर्यादेपलीकडे गेला तरी तुटतो, मशीन किंवा पॅक तापला तरी तुटतो, आणि टर्मिनल नीट टेकत नसेल तरी. बाहेरून सगळं सारखंच दिसतं. यातलं कोणतं, हे ओळखायची माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण म्हणजे बंद पडल्यावर मशीन पुन्हा कशाने चालू होतं. ट्रिगर सोडून लगेच दाबल्यावर चालू झालं तर व्होल्टेज बसतंय किंवा करंट जास्त ओढला जातोय. दहा-पंधरा मिनिटं सावलीत ठेवल्यावरच चालू झालं तर उष्णता. बॅटरी हाताने दाबल्यावर, हलवल्यावर किंवा काढून घातल्यावर चालू झालं तर टर्मिनल. आणि चार्जरला लावल्याशिवाय हललंच नाही, तर बिचारी खरंच उतरली होती.

त्याच मालिकेची दुसरी बॅटरी कोणाकडे असेल तर आधी अदलाबदल करून बघा. तुमच्या मशीनला त्याची बॅटरी आणि त्याच्या मशीनला तुमची, दोन्हीकडून. एकीकडूनच बघितलं तर निम्मंच कळतं. त्याच्या बॅटरीवरही तुमचं मशीन त्याच भिंतीत बंद पडलं तर मीटर काढायची गरजच नाही, सरळ पुढच्या भागाकडे चला.

भिंत कोणती आणि बिट कसलं

घरगुती तक्रारींत एक जागा वारंवार येते: खिडकीच्या वर, पडद्याचा रॉड बसवताना. बाकीच्या भिंतीत मशीन लोण्यासारखं जातं आणि तिथेच अडतं. कारण भिंत विटांची असली तरी खिडकीवर लिंटेल, म्हणजे आडवी तुळई असते आणि ती आरसीसीची. प्लास्टर एकच असल्याने वरून फरक दिसत नाही. त्यात आपल्याकडे, म्हणजे सह्याद्रीपासून विदर्भाच्या बऱ्याच भागापर्यंत, काँक्रीटमधली खडी काळ्या दगडाची, बेसॉल्टची. बिटाचं टोक खडीवर आलं की पुढे सरकत नाही, आपण आणखी रेटतो, मोटार आणखी करंट ओढते आणि पुरवठा तुटतो. कोकणात तर एकाच घरात दोन टोकं दिसतात. चिऱ्याच्या भिंतीत १२ व्होल्टचं मशीनही सहज होल मारतं आणि त्याच घराच्या स्लॅबला १८ व्होल्टचं हात टेकतं. नव्या इमारतींमधल्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतींना तर हॅमरचीही गरज नसते, उलट हॅमर लावला की होल मोठं होऊन फिशर (स्क्रू धरणारा प्लास्टिकचा गुल्ला) सैल बसतो.

साध्या कॉर्डलेस ड्रिलमधला हॅमर म्हणजे दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवर घासतात. ठोका लहान असतो आणि आपण मागून किती रेटतो यावर त्याचा जोर ठरतो. रोटरी हॅमरमध्ये आत पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेने ठोका बसतो, त्यामुळे माणसाला रेटावं लागत नाही. त्याला एसडीएस प्लसचे खाचवाले बिट लागतात. स्लॅबला किंवा बीमला दिवसभर अँकर मारायचे असतील, फॉल्स सीलिंगचे हँगर लावायचे असतील, तर ते काम रोटरी हॅमरचं. साध्या हॅमर ड्रिलने ते करवून घेणं म्हणजे दर वर्षी बॅटरी विकत घेण्याचा करार.

बिटाकडे लोक बघतच नाहीत. काँक्रीटच्या बिटाच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा असतो. त्याचे कोपरे गोल झाले की बिट कापत नाही, नुसतं घासतं. होलमधून भुकटीऐवजी जळका वास आणि गरम बिट बाहेर आलं की समजा बोथट झालं. टोक निळं-काळं पडलं असेल तर फेकाच. नवं बिट शेकड्यांत येतं, बॅटरी हजारांत. होल मारताना मधेमधे बिट बाहेर काढून भुकटी झटकली तरी करंट बराच कमी होतो, कारण भुकटी अडकली की ती बिटाला चारही बाजूंनी धरून ठेवते. आणि मधेच धातूचा किणकिण आवाज आला तर सळई लागली आहे. तिथे रेटत बसू नका, होल थोडं सरकवा.

गिअर एक की दोन

मशीनच्या डोक्यावरचा १ आणि २ असा सरकता खटका कित्येक जण मशीन घेतल्यापासून हलवतच नाहीत. तो कायम दोनवर. दोन म्हणजे वेग जास्त आणि जोर कमी, एक म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त. लाकडात किंवा पत्र्यात बारीक होल मारायला दोन योग्य. पण कपाटाच्या बिजागरीसाठी ३५ मिलिमीटरचं बिट लावलं, होल सॉ लावला किंवा लांब स्क्रू प्लायमध्ये बसवायचा असला, की एकच हवा. दोनवर ठेवून हे काम केलं की मोटार जवळजवळ अडकून राहते. अडकलेली मोटार सर्वांत जास्त करंट ओढते आणि तिचा पंखा हळू फिरत असल्याने ती थंडही होत नाही. बॅटरी, मोटार आणि ट्रिगरमधलं सर्किट, तिघांनाही एकाच वेळी शिक्षा. खटका बदलताना मशीन पूर्ण थांबू द्या, नाहीतर आतले दाते झिजतात.

गिअर एकवर आणि बिट नवं असूनही मशीन बसत असेल, वाऱ्याच्या जाळीतून ठिणग्या जास्त दिसत असतील आणि वास येत असेल, तर मोटारीचे कार्बन, म्हणजे ब्रश बघा. ब्रश असलेल्या मोटारीत ते झिजतात आणि बदलता येतात, तेही स्वस्तात. ब्रशलेस मोटारीत कार्बनच नसतात.

टर्मिनल: दोन मिनिटांचं काम

बॅटरी काढून पितळी पट्ट्या उजेडात बघा. पीओपीची आणि जिप्समची पांढरी भुकटी, लाकडाचा भुसा, समुद्राजवळ हिरवट थर, हे सगळं तिथे साचतं. पट्टी नीट टेकली नाही की तिथेच रोध तयार होतो आणि तिथेच उष्णता. मशीनच्या बाजूचं प्लास्टिक पट्टीजवळ वितळल्यासारखं किंवा पिवळट दिसलं तर दुखणं इथलंच. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, सुकू द्या. पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि गंज आणखी लवकर चढतो. दोन पट्ट्यांना एकाच वेळी धातूचं काही लागणार नाही एवढी काळजी घ्या. मशीनच्या बाजूची पट्टी सैल पडली असेल तर ती वाकवून घट्ट करण्यापेक्षा टर्मिनल ब्लॉक बदलून घ्या, तो बऱ्याच मशीनना वेगळा मिळतो.

उष्णता

अकोला, नागपूर, चंद्रपूरकडच्या वाचकांना हा भाग जास्त लागू आहे, पण पुण्या-मुंबईतली पत्र्याची शेडही काही कमी नाही. लिथियम-आयन पॅक साधारण शून्य ते ४०-४५ अंशांच्या दरम्यानच चार्ज करायचा असतो. मे महिन्यात विदर्भात सावलीतलीच हवा ४५ च्या आसपास जाते. तिथे काम करून तापलेला पॅक तडक चार्जरवर चढवला तर चार्जर दिवा लुकलुकवतो आणि चार्ज करत नाही. यावर ‘चार्जर बिघडला’ असा निष्कर्ष काढून चार्जर बदललेले लोक आहेत. तो बिघडलेला नसतो, थांबलेला असतो. कोणता दिवा गरम पॅकचा आणि कोणता खराब पॅकचा, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि ते चार्जरच्या अंगावर किंवा पुस्तिकेत छापलेलं असतं. पॅक अर्धा तास सावलीत, पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर आत बाष्प धरतं.

चार्जर न रोखताही नुकसान होतच असतं. पूर्ण भरलेला पॅक गरम जागी पडून राहिला की सेल सर्वांत वेगाने म्हातारे होतात. टेम्पोच्या डॅशबोर्डवर, स्कूटरच्या डिकीत, उन्हातल्या लोखंडी पेटीत. सकाळी चार्ज करून दुपारपर्यंत तिथे ठेवलेली बॅटरी न वापरताच झिजते. म्हणून एका वर्षात दोन बॅटऱ्या गेल्या, असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो, दुपारी ठेवता कुठे?

काम करतानाही, लागोपाठ जड होल असतील तर पॅकला हात लावून बघत जा. हात ठेववत नाही इतका गरम झाला तर थांबा. दोन बॅटऱ्या आळीपाळीने वापरल्या तर हे आपोआप जमतं.

आता सेलकडे

इथपर्यंत काही सापडलं नाही तर मल्टीमीटर काढा. चार्जरवरून काढून तासभर थांबलेल्या १८ व्होल्टच्या पॅकवर २० ते २१ च्या दरम्यान आकडा यायला हवा. चार्जर ‘पूर्ण’ म्हणतोय आणि मीटर १९ किंवा कमी दाखवतंय, तर एखादा सेल मागे पडला असण्याची दाट शक्यता. काही पॅक मशीनला जोडल्याशिवाय बाहेर व्होल्टेज देतच नाहीत, तेव्हा शून्य आलं म्हणून घाबरू नका.

मात्र नुसतं व्होल्टेज बघणं म्हणजे पुन्हा टाकीत डोकावणंच. लोड देऊन बघायला हवं. गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट, ५५ वॅटचे दोन हॅलोजन बल्ब एकामागे एक जोडा आणि जाड वायरने पॅकला लावा. साधारण चार अँपिअर जातील. १२ व्होल्टच्या पॅकला एकच बल्ब पुरे. बल्ब लावण्याआधी आणि लावल्यावर अर्ध्या मिनिटाने, असं दोनदा व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास घसरलं तर पॅक ठीक. दीड व्होल्ट किंवा जास्त घसरलं तर पॅक थकलेला आहे आणि भिंतीत तो बसणारच. दोन ओळींच्या (दहा सेलच्या), म्हणजे ४-५ एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) पॅकला घसरण याच्या निम्मीच यायला हवी. बल्ब भाजण्याइतके गरम होतात, त्यांना लाकडावर किंवा सतरंजीवर ठेवू नका.

पॅक वॉरंटीत असेल तर इथेच थांबा आणि सर्व्हिस सेंटरला जा. वॉरंटी संपली असेल आणि तुम्हाला इलेक्ट्रॉनिक्सची सवय असेल तरच पॅक उघडा. सेल एकेक करून मोजा. पाचही ४.१ च्या आसपास आणि एकमेकांपासून काही शतांशांच्या फरकात असतील तर ते निदान जुळलेले आहेत. चार ४.१५ आणि एक ३.७ असा प्रकार दिसला तर तोच पॅकचा लंगडा पाय. लोड आला की तो सेल आधी खाली जातो आणि बाकी चार भरलेले असूनही सर्किट सगळ्यांना थांबवतं. अशा पॅकला पुन्हा पुन्हा चार्ज करणं धोक्याचं आहे. चार्जर फक्त एकूण व्होल्टेज बघणारा असेल तर तो २१ गाठण्यासाठी चांगल्या सेलना ४.२ च्या वर ढकलतो.

मोबाइलवरच्या व्हिडिओंतला एक लाडका उपाय म्हणजे पूर्ण मेलेल्या, चार्जर ओळखतच नाही अशा बॅटरीला दुसऱ्या भरलेल्या बॅटरीने वायर लावून ‘जागं करणं’. कधीकधी ती जागी होतेही. पण सेल दीर्घकाळ दोन व्होल्टच्याही खाली राहिला असेल तर आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागलेला असतो. चार्ज करताना ते तांबं भलत्याच जागी जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होतो. चार्जर अशा पॅकला नकार देतो तो उगाच नाही. माझं मत विचाराल तर हे करू नका, आणि केलंतच तर तो पॅक रात्री घरात चार्जला लावून झोपू नका.

‘सेल बदलून देतो’ आणि ‘१२८ व्होल्ट’

जुन्या पॅकमध्ये नवे सेल टाकून देणारे कारागीर आता बहुतेक मोठ्या गावांत आहेत. काम चांगलं झालं तर पैसे वाचतात, यात शंका नाही. पण तीन गोष्टी विचारा. सेल कुठले? लॅपटॉपच्या किंवा पॉवर बँकेच्या प्रकारातले सेल बाहेरून अगदी तसेच दिसतात, तोच १८ मिलिमीटर व्यास, तीच ६५ मिलिमीटर लांबी. क्षमताही कागदावर जास्त असते, पण ते ४-५ अँपिअरच्या कामासाठी बनलेले. ड्रिलला २०-३० लागतात. असे सेल टाकलेला पॅक पहिल्या दिवसापासून फुल दाखवतो आणि भिंतीत बसतो, म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच. दुसरं, पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावणार की सोल्डरिंगने? सेलवर थेट सोल्डरिंग म्हणजे थेट उष्णता, ते नको. तिसरं, पाचही सेल एका वेळी, एकाच जातीचे बदलणार का? एकच नवा टाकून चार जुने ठेवले तर काही महिन्यांनी पुन्हा चकरा.

आणि मग ते ४८, ८८, १२८ व्होल्ट लिहिलेले स्वस्त संच. मीटर लावून बघा, बहुतेकांत २१ च्या वर आकडा जात नाही, कारण आत पाचच सेल असतात. एएचचंही तसंच. ६५ मिलिमीटरच्या एका सेलची क्षमता फार तर साडेतीन एएचच्या आसपास जाते आणि जास्त करंट देणाऱ्या जातीत तीनपर्यंत. म्हणजे असे पाच सेल असलेला पॅक ‘६ एएच’ असूच शकत नाही, लेबलवर काहीही छापलेलं असो. हातात तोलून बघितलं तरी अंदाज येतो. असा सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. दहा सेलचा पॅक नुसत्या सेलनेच अर्धा किलोजवळ जातो. मोठ्या आकड्याचा पॅक हाताला हलका लागला तर आत हवा विकत घेताय.

तीच तक्रार परत येऊ नये म्हणून

जुन्या मिस्त्रींकडून एक सल्ला अजून ऐकू येतो: ‘दादा, बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जला लावू नका.’ त्यांच्या काळी तो चुकीचा नव्हता. ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये आणलेल्या पहिल्या कॉर्डलेस ड्रिलपासून पुढची कित्येक दशकं या मशीनमध्ये निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या होत्या आणि त्या अर्धवट चार्ज करत राहिल्या की क्षमता घटल्यासारखी व्हायची. लिथियम-आयनला तो त्रास नाही. तिला उलट पूर्ण उतरवणंच सोसत नाही. मशीनचा आवाज मंदावला की बदला, शेवटचा स्क्रू तिच्याकडून वसूल करू नका.

काम नसताना बॅटरी ना पूर्ण भरलेली ठेवायची ना रिकामी. चारपैकी दोन दिवे, मशीनमधून काढून, चार्जरवरूनही काढून. मशीनला लावून ठेवली तर काही मशीनमधली सर्किटं हळूहळू तिला उतरवत राहतात. वीज गेलेली असताना काही चार्जरही तेच करतात. पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवणाऱ्यांच्या बॅटऱ्या दिवाळीत ‘मेलेल्या’ सापडतात त्या बहुधा अशाच. दोन महिन्यांतून एकदा दिवे बघा, एकच लागला तर थोडी चार्ज करा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

पॅक आणि मशीन यांची जोडी चुकणं हे नवी बॅटरीही लवकर जाण्याचं सर्वांत मोठं कारण. ड्रिलबरोबर आलेली २ एएचची छोटी बॅटरी कॉर्डलेस ग्राइंडरला, सर्क्युलर सॉला किंवा ब्लोअरला लावली जाते, कारण ती बसते. या मशीनना सलग मोठा करंट लागतो. पाच सेलच्या एका ओळीवर तो सगळा भार पडतो, तर दोन ओळींच्या ४-५ एएचच्या पॅकमध्ये प्रत्येक सेलवर निम्मा. म्हणून मोठी बॅटरी नुसती जास्त वेळ चालते असं नाही, ती लोडखाली कमी बसते आणि जास्त जगते. ड्रिलसाठी, विशेषतः शिडीवर किंवा डोक्यावर हात करून काम असेल तर, मी मात्र एका ५ एएचपेक्षा दोन छोट्या घेईन, मनगट वाचतं. ग्राइंडर घ्यायचा असेल तर त्याच्याबरोबरच मोठा पॅक धरून हिशेब करा, नाहीतर वायरवालाच घ्या.

दुसऱ्या कंपनीची बॅटरी लावायचे अडॅप्टरही जपून. काही कंपन्यांच्या पॅकमध्ये व्होल्टेज खाली गेल्यावर पुरवठा तोडणारी व्यवस्था पॅकमध्ये नसून मशीनमध्ये असते. असा पॅक अडॅप्टरने भलत्याच मशीनला लावला की तोडणारं कोणीच उरत नाही. संध्याकाळी मशीन आपोआप थांबतं तेव्हा पॅक दुरुस्तीपलीकडे गेलेला असतो.

नवीन घेताना मशीन निवडण्याआधी बॅटरीचं घराणं निवडा, कारण पुढची दहा मशीन त्याच बॅटरीवर चालणार आहेत. मॉड्युलर किचन, कपाटं, स्विचबोर्ड एवढंच काम असेल तर १२ व्होल्टचं घराणं हलकं आणि पुरेसं. विटांच्या भिंती आणि कधीतरी काँक्रीट असेल तर १८. दिवसभर आरसीसी असेल तर कॉर्डलेसचा हट्ट सोडा, वायरचा रोटरी हॅमर स्वस्त पडतो आणि थकत नाही. टॉर्कचा आकडा बघण्यापेक्षा जवळच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का ते बघा. बॅटरीची वॉरंटी मशीनपेक्षा बहुधा वेगळी आणि कमी असते, ती बिलावर पॅकच्या सिरियल नंबरसकट लिहून घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेताना घासाघीस जरूर करा, पण पक्क्या बिलावर नाही.

तपासून शेवटी पॅक खरंच गेलेला निघाला, किंवा फुगला, किंवा त्याला गोडसर रसायनाचा वास येऊ लागला, तर तो चार्जरजवळही नेऊ नका. टर्मिनलवर चिकटपट्टी लावा आणि घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा. घंटागाडीत तर अजिबात टाकू नका. कचरा दाबताना पॅक चिरडला गेला की गाडीतच आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांच्या संकलनाची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर जमा करा, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर.